वाऱ्याच्या दिवशी केलेली पाणपक्षी गणना धरावी का?

अंबिया
११ जानेवारी, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी गेली सहा वर्षं मी आमच्या गावाजवळचा तलाव मोजते आहे. मोर्शी-वरुड पट्ट्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा मध्यम प्रकल्प आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं तर पुढच्या रविवारी गाड्या थेट काठापर्यंत आल्या होत्या.

यंदा आजचा दिवस ठरवला होता आणि नेमका काल रात्रीपासून उत्तरेचा वारा सुटला. पहाटे निघताना मामाजी म्हणाले, "बाई, आज पाखरं कायची मोजतं, आपली कानटोपी सांभाळ." तरी तेच सोबत आले, दरवर्षी येतात. आकडे मी सांगते आणि वहीत ते लिहितात.

धरणाच्या भिंतीवर चढलो तर पाणी ओळखू येईना. एरवी या वेळेला तलाव ताटासारखा सपाट असतो. आज डोंगराकडून निघालेल्या लाटा तलावभर वाढत येऊन पिचिंगच्या दगडांवर फुटत होत्या आणि तुषार रस्त्यापर्यंत उडत होते. स्कोप (एका डोळ्याची मोठी दुर्बीण) तिपाईवर लावला की दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी. बदकं लाटेच्या खाली गेली की दिसेनाशी व्हायची, वर आली की पुन्हा पहिल्यापासून मोजा. थापट्या आणि तलवार बदक यांत फरक कळेना. गेल्या वर्षी वारकरी (काळे पाणपक्षी, इंग्रजीत कूट) २१२ मोजले होते, आज ३८. टिबुकली एकही नाही.

पण जे दिसलं ते विसरता येणार नाही असं होतं. गाळपेरीच्या (पाणी उतरल्यावर गाळात केलेल्या पेऱ्याच्या) कडेला चक्रवाकांची जोडपी एका रांगेत, सगळ्यांची तोंडं उत्तरेला, मान आखडून बसलेली. नदी सुरय तीन. वाऱ्यात एका जागी थरथरत उभे राहायचे, सूर मारायचे आणि रिकाम्या चोचीने वर यायचे. मी पंधरा सूर मोजले, त्यात मासा एकदाच मिळाला. बुडालेल्या पळसाच्या खुंटावर एक ऑस्प्रे (मासे खाणारा शिकारी पक्षी) दोन तास बसून होता, पंखसुद्धा उघडला नाही. आठच्या सुमारास हरभऱ्यातून कोल्हा निघाला. वारा आमच्याकडून त्याच्याकडे होता, त्यामुळे त्याला आमचा वास लगेच लागला; थांबला, नाक वर केलं आणि आला तसा वळला. पलीकडच्या काठाला नऊ रोही (नीलगायी).

आणि नवाच्या आसपास एक मोठा पांढुरका पक्षी भिंतीच्या समांतर, पंख न हलवता, वाऱ्यावर तिरका होत गेला. कुरव (सीगल), एवढं नक्की. पण कुठला?

माझे प्रश्न दोन. ही गणना पाठवू की नको? आणि तो कुरव कोणता असावा?

शेकाट्या
११ जानेवारी, रात्री ९:३२

ताई, आधी फोटो टाका!

अंबिया
११ जानेवारी, रात्री ९:४०

@शेकाट्या, मोबाईलने घेतलेला आहे. त्यात एक पांढरी रेघ आहे आणि माझं बोट. वर्णन लिहिते: पाठ फिकट करडी, पोट पांढरं, चोच जाड आणि पिवळसर, डोळ्यामागे काळपट डाग. आकार मला चक्रवाकाएवढा वाटला. मामाजींना बगळ्याएवढा वाटला.

कवड्या
११ जानेवारी, रात्री १०:०५

माझं स्पष्ट मत: पाठवू नका.

तुम्ही सहा वर्षं एकाच ठिकाणाहून, एकाच पद्धतीने मोजता. त्या आकड्यांची किंमत त्यातच आहे. आज वारकरी कमी नव्हते, ते दिसले नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कागदावर दोन्ही ३८ अशाच दिसतात. दहा वर्षांनी कोणी आलेख काढेल, त्याला तिथे खड्डा दिसेल आणि तो म्हणेल, या वर्षी तलावावर काहीतरी संकट आलं होतं. अजून मुदत आहे. पुढच्या रविवारी वारा पडला की पुन्हा मोजा आणि तीच पाठवा.

कुरवाबद्दल: आपल्याकडे मोठ्या जलाशयांवर हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा कुरव येतो. पुरावा नसेल तर नेहमी दिसणारा पक्षी आधी धरावा. वाऱ्यात एकटा उडणारा पक्षी आकाराने नेहमी फसवतो. जवळ तुलनेला काही नसतं.

मृगबहार
११ जानेवारी, रात्री १०:२१

ताई, तुमच्या नऊ रोह्यांपैकी निम्मे काल रात्री माझ्या हरभऱ्यात होते असं धरून चाला. तुम्हाला पहायला छान वाटते, आमचा घाट्यावर आलेला हरभरा एका रात्रीत आडवा होते. त्यात हा वारा. मृगाची संत्री अजून झाडावर आहेत, तोडायला महिना बाकी. आज सकाळी बागेत गेलो तर प्रत्येक झाडाखाली सडा. फळ पडलं की व्यापारी हात लावत नाही.

पाखरांवर राग नाही. पण धाग्यावर वाऱ्याची गोष्ट निघाली म्हणून लिहिलं.

अंबिया
११ जानेवारी, रात्री १०:३४

@मृगबहार दादा, आमचीही साडेतीनशे झाडं आहेत, तलावावरून आल्यावर दुपारभर फळंच वेचत होते. रोह्याचं दुःख खरंच आहे. आमच्या घरी मामाजी रात्री जागलीला जातात.

@कवड्या, तुमचं पटतंय, पण एक गोष्ट टोचते. वारा होता म्हणून पक्षी नीट मोजता आले नाहीत, हे खरं. पण तीन सुरयांना पंधरा सुरांत एक मासा मिळाला, हेही आजच घडलं आणि शांत दिवशी ते दिसलं नसतं. ते वहीतून काढून टाकू?

कवड्या
११ जानेवारी, रात्री १०:४१

वहीत ठेवा. गणनेच्या तक्त्यात नको.

तुडूम
१२ जानेवारी, सकाळी ६:५०

मी अर्जुनी मोरगावकडचा, ढिवर समाजाचा. आमच्या तीन पिढ्या मालगुजारी तलावांवर मासे धरत आल्या. गणना वगैरे मी करत नाही, पण वाऱ्यात पाखरू कुठे जातं ते सांगू शकतो.

वारा असला की आम्ही डोंगा टाकत नाही. बाबा पाळीवर उभे राहून आधी पाखरं पाहतात. बदक दोन ठिकाणी असतं. झोपायचं असेल तर ज्या काठाला डोंगर किंवा झाडी आहे तिथे, आडोशाला. खायचं असेल तर बरोबर उलट, जिथे लाट येऊन थांबते तिथे. कारण तलावभर तरंगणारं बी, किडा, तुटलेलं शेवाळ सगळं वारा तिकडेच ढकलत नेतो. आमच्याकडे देवधानाचं (रानभाताचं) बी असंच एका कोपऱ्यात जमा होतं आणि मग अडई बदकं तिथून हलत नाहीत. परीट पक्षीही तिकडेच, काठावर फेसात चोच मारत फिरतात.

तर ताई, तुम्ही भिंतीवर होता म्हणजे लाट तुमच्याकडे येत होती. पण धरणाच्या भिंतीला दगड, पाणी खोल. तिथे बदकाला उभं राहायला जागा नाही. आमच्या तलावांना पाळीजवळही उथळ भाग सापडतो. म्हणून तुमच्याकडे सगळी बदकं उत्तरेच्या कोपऱ्यात डोंगराच्या पोटाशी गेली असतील, तुमच्या नजरेपलीकडे. वारकरी कुठे गेले नाहीत, गवतात शिरले. टिबुकलीचंही तेच.

सुरयाला मासा का मिळाला नाही तेही सोपं आहे. पाणी हलतं तेव्हा वरून आतलं दिसत नाही. आम्हालाही दिसत नाही.

अंबिया
१२ जानेवारी, सकाळी ७:१५

@तुडूम भाऊ, शाळेत निघाले आहे पण हे वाचून थांबले. सहा वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नाही की माझ्या मोजायच्या तिन्ही जागा दक्षिणेला आणि पूर्वेला आहेत. उत्तरेचा वारा असला की मी नेमकी चुकीच्या काठावर असते.

गुरुजी
१२ जानेवारी, दुपारी १:३०

सर्वांना नमस्कार. वय ७८, टंकायला वेळ लागतो.

मी पूर्णाकाठचा. लहानपणी थंडीत हरभऱ्यावर करकोचे यायचे. कांड्या करकोचा, करडा अंग, डोळ्यामागून पांढरी शेंडी. शेकड्यानं. त्यायचा आवाज अर्धा कोस ऐकू ये. आमचे बाबा म्हणत, वारा उत्तरेचा झाला की पाव्हणे आले समजा. आम्ही पोट्टे गोफण घेऊन हाकलाले जाऊ, पण मनातून वाटे की जाऊ नये.

टिटवीबद्दल एक. आमच्या आईचं म्हणणं, टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाणकाळा जोरात. खरं खोटं पाहाले मी काही वर्षं वहीत नोंद केली होती. ती वही वाळवीनं खाल्ली. सूनबाई, तुम्ही नोंद करून रायल्या, वही लोखंडी पेटीत ठेवा.

शेकाट्या
१२ जानेवारी, दुपारी १:५२

गुरुजी, नमस्कार! आमच्या गावात आजही टिटवी ओरडली की आजी "कोणीतरी आलं" म्हणते. बहुतेक वेळा मीच असतो, कॉलेजातून उशिरा येणारा.

मंडळी, माझाही एक प्रश्न इथेच विचारतो. दुर्बीण घ्यायची आहे, ८ बाय ४२ की १० बाय ४२? पैसे मोसमी मजुरीचे आहेत, एकदाच घेता येईल.

कवड्या
१२ जानेवारी, दुपारी २:२०

८ बाय ४२. दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो, वाऱ्यात तर विचारू नकोस. आठपटीत चित्र स्थिर आणि परिसर जास्त. तलावासाठी पुढे कधी स्कोप घे.

@अंबिया, तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका, वाऱ्यात जमिनीवर बसूनच पहा. मधल्या दांड्याला दप्तर अडकवा, आणि शक्य असेल तर भिंतीच्या मागच्या उतारावर बसून फक्त स्कोपचं तोंड वर काढा. डोळ्यांतून पाणी येणार नाही.

वैनगंगा
१२ जानेवारी, रात्री ८:४५

गोंदियाहून. आमच्याकडे मे-जूनमध्ये सारसांची मोजणी असते. पहाटे एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी टोळ्या बसतात, म्हणजे एकच जोडी दोनदा मोजली जात नाही. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियात, थोडे भंडारा-चंद्रपुरात. संख्या एवढी कमी की एकेक पक्षी महत्त्वाचा.

वाऱ्याशी आमचं भांडण वेगळं आहे. सारस उभा राहिला की माणसाच्या उंचीचा, पंख उघडले की खाटेपेक्षा लांब. एवढं अंग घेऊन तो चटकन वळू शकत नाही. धानाच्या बांध्यांवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. धुक्यात किंवा वाऱ्यात उतरताना पंख तारेला लागला की संपलं. माझ्या डोळ्यांदेखत एकदा झालं आहे. जोडीतला दुसरा पुढचे कितीतरी दिवस त्याच बांधीत उभा होता. त्या शेताकडे मी वर्षभर गेलो नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून तारांचा विषय निदान कागदावर आला.

सांगायचा मुद्दा: आमच्या मोजणीत एखाद्या ठिकाणी सारस दिसला नाही तर आम्ही तिथे पुन्हा जातो, पण पहिल्या दिवसाची नोंद खोडत नाही. "पाहिला, दिसला नाही, हवा अशी होती" असं लिहितो. म्हणून कवड्या यांच्याशी माझं जमत नाही. अंबियाताईंनी दोन्ही पाठवावेत.

कवड्या
१२ जानेवारी, रात्री ९:१०

तुमची टोळी प्रशिक्षित आहे आणि पक्षी एकच आहे. इथे वीस-पंचवीस जातींचा तक्ता आहे. "हवा अशी होती" यात "अशी" म्हणजे कशी? प्रत्येकाचा वारा वेगळा. मला जोराचा वाटला तो तुम्हाला झुळूक वाटेल.

काकण
१२ जानेवारी, रात्री ११:०२

हाच धागा वाचायला मिळावा म्हणून जागा राहिलो बहुतेक. मी मूळचा दारव्ह्याचा, नोकरीला अकरा वर्षं दापोलीत. तिथल्या किनाऱ्यावर वारा नसलेला दिवस शोधावा लागतो.

कवड्यांच्या "अशी म्हणजे कशी" याचं उत्तर समुद्रावरच्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी शोधलं आहे. फ्रान्सिस बोफर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याला शून्य ते बारा अंक दिले. गंमत अशी की त्याला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. जमिनीवरून ओळखायच्या खुणा:

पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, तो ३.
धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात, तो ४. ताशी साधारण २० ते २८ किलोमीटर.
पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात, तलावांवर शिखरं असलेल्या लाटा उठतात, तो ५. ताशी २९ ते ३८.

अंबियाताईंचं वर्णन सरळ पाचाचं आहे. वहीत एक रकाना वाढवायचा, त्यात अंक आणि दिशा लिहायची. दहा वर्षांनी आलेख काढणाऱ्याला तो खड्डा का पडला ते दिसेल.

इकडे डॉल्फिन पाहायला हर्णैहून होड्या जातात. समुद्रावर पांढरे फेस दिसायला लागले की जाणकार नावाडी सांगतो, आज नको. डॉल्फिन असतातच, पण प्रत्येक फेस तुम्हाला त्यांच्या पाठीवरचा पर वाटतो. तुमच्या वारकऱ्यांचं तेच झालं.

आता कुरव. आंजर्ल्याच्या वाळूवर हिवाळ्यात कुरवांचे थवे बसतात, आणि वाऱ्याच्या दिवशी सगळे एकाच दिशेला तोंड करून, तुमच्या चक्रवाकांसारखे. मागून वारा लागला तर पिसं उलटी होतात आणि थंडी आत शिरते. शिवाय उडायचं झालं तर समोरच्या वाऱ्यावर चटकन उचलता येतं. त्या थव्यात तपकिरी डोक्याचे शेकड्यांनी आणि मधे एखादा पॅलासचा, तो लगेच कळतो. तपकिरी डोक्याचा हिवाळ्यात चोचीला लाल, पंखांची टोकं काळी आणि त्यांत पांढरे ठिपके, अंगाने सुमारे ४२ सेंटीमीटर. पॅलासचा ६० च्या वर, कपाळ लांब उतरतं, चोच जाड पिवळी आणि टोकाशी काळा पट्टा, डोळ्यामागे मळकट छटा. ताई, तुम्ही "जाड, पिवळसर" लिहिलंय. लाल नाही. मला पॅलासचा वाटतो.

पावसाळ्यात इथे वादळाने खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात, दमलेले, उडता न येणारे. कधी बूबी, कधी फ्रिगेट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या दारव्ह्याच्या तलावावरचा एकटा पडलेला करकोचा आठवला होता.

शेकाट्या
१२ जानेवारी, रात्री ११:२०

काकण दादा, हे नाव कशावरून घेतलं?

काकण
१२ जानेवारी, रात्री ११:२६

कोकणात पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाला काकण म्हणतात. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं करतो, तेच वर्षानुवर्षं वापरतो. माझ्या खोलीच्या मागे एक जोडी होती. विदर्भात आलो की त्याचीच आठवण येते.

धार
१३ जानेवारी, सकाळी ९:०५

लोणारकर. वाऱ्याचा दिवस वाया जाऊ द्यायचा नसेल तर आमच्याकडे या. विवर जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि शंभर मीटरहून जास्त खोल. वर काठावर टोपी उडते आणि खाली उतरलं की पानही हलत नाही. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. खाली मोरांचे आवाज इतके स्पष्ट येतात की वर वारा आहे हे विसरायला होतं.

मृगबहार
१३ जानेवारी, सकाळी ९:४०

संत्र्याची बाग लोणारच्या विवरात लावता आली असती तर बरं झालं असतं.

वैनगंगा
१५ जानेवारी, सकाळी ७:३०

विषय थोडा वेगळा, पण वाऱ्याचाच. संक्रांत झाली. काल दिवसभर पतंग, आणि आज पहाटे आमच्या तलावाच्या बाभळीत एक रातबगळा मांजात लटकलेला. नायलॉनचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी गावच्या दुकानात काउंटरखालून मिळतो. पतंग कापला जातो शहरात नाहीतर गावात, वारा मांजा आणून टाकतो पाण्याकाठी, कारण तिथेच उंच झाडं उरली आहेत.

पंख सोडवायला दोघं लागलो. एकाने कापडाने डोळे झाकले, दुसऱ्याने कात्रीने बारीक बारीक तुकडे केले. ओढला असता तर पंख गेला असता. संध्याकाळपर्यंत खोक्यात ठेवला आणि अंधार पडल्यावर सोडला, उडाला. मंडळी, पुढचे आठ-दहा दिवस काठीला आकडा बांधून आपापल्या तलावाची झाडं पहा.

तुडूम
१५ जानेवारी, दुपारी १२:१५

आज आम्ही तिघांनी आमची पाळ पाहिली. दोन झाडांवरून मिळून एवढा मांजा निघाला की टोपली अर्धी भरली. जाळला नाही, गुंडाळून ग्रामपंचायतीत नेऊन ठेवला, लोकांना दिसावा म्हणून.

अंबिया
१५ जानेवारी, रात्री ८:००

आमच्या शाळेतली आठवीची मुलं शनिवारी नेते. झाडावर चढायचं नाही, खालून जेवढं निघेल तेवढं.

अंबिया
१८ जानेवारी, दुपारी ३:१०

मंडळी, आज पुन्हा गेलो. वारा ठीक २, पाणी सपाट, धुकं साडेसातला उठलं.

आधी आकडे. त्याच तीन जागांवरून वारकरी १९६, टिबुकल्या २२, थापट्ये आणि तलवार बदकं वेगवेगळी मोजता आली. नदी सुरय पाच. आज त्यांचे बारा सूर पाहिले, सात वेळा मासा. ऑस्प्रे खुंटावर नव्हता. मधल्या पाण्यावर आला, घिरटी घेतली आणि दुसऱ्या झेपेत बऱ्यापैकी मोठा मासा घेऊन गेला. दोन तास गप्प बसून पाहिलेला तोच पक्षी असेल तर त्या दिवशी तो उपाशी राहिला असणार. सुरय मार्चनंतर मधल्या उघड्या बेटावर अंडी घालतात, तेव्हा कुत्र्यांची भीती. त्यांना आता जगाच्या धोक्यातल्या यादीत घातलंय, म्हणून या पाचांवर माझं लक्ष राहील.

मग तुडूम भाऊंच्या सांगण्यावरून चौथी जागा घेतली, उत्तरेच्या कोपऱ्यात, डोंगराच्या पोटाशी. तिथे जायला पायवाट नाही, सागाच्या पानांतून अर्धा तास. मामाजी पुढे काठी आपटत. पोहोचलो आणि दोघंही खाली बसलो. पट्टकादंब, हिवाळ्यात येणारे रानहंस. एकोणतीस. पाण्याच्या कडेला, काही झोपलेले, काही चरत होते, डोक्यावरचे दोन काळे पट्टे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. सहा वर्षांत माझ्या तक्त्यात पट्टकादंब शून्य आहेत. ते यंदाच आले की दरवर्षी त्या कोपऱ्यात होते आणि मी भिंतीवरून परत जात होते? हे आता कधीच कळणार नाही. मला याची फार हळहळ वाटते.

मामाजींनी पहिल्यांदा काही लिहिलंच नाही. मी आकडा सांगितला तर म्हणाले, "थांब, पाहू दे."

आणि कुरव. परत येताना गाळपेरीच्या टोकाला चिखलावर बसलेला, दोन चक्रवाकांच्या मधे. फोटो टाकते आहे, बोट नाही त्यात. तिघं शेजारी शेजारी, चक्रवाकापेक्षा तसूभरही लहान नाही. चोच पिवळी, टोकाशी काळा पट्टा.

काकण
१८ जानेवारी, दुपारी ३:१८

पॅलासचाच! कपाळ बघा कसं उतरतंय.

कवड्या
१८ जानेवारी, दुपारी ३:३५

पॅलासचाच. माझा अंदाज चुकला. ताईंनी चक्रवाकाएवढा म्हटलं होतं आणि मी ते वाऱ्याच्या खात्यात टाकलं. सहा वर्षं तो तलाव पाहणाऱ्या नजरेवर विश्वास ठेवायला हवा होता.

गणनेबद्दलही मत थोडं बदललं आहे. आजची पाठवाच. ११ तारखेचीही पाठवा, पण शेऱ्यात वारा ५, उत्तर, आणि "तीन जागांवरून, उत्तर कोपरा पाहिलेला नाही" असं स्पष्ट लिहून. चौथ्या जागेचे आकडे मात्र वेगळे ठेवा, जुन्या तिघांत मिसळू नका. नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल पक्षी वाढले.

पट्टकादंबांबद्दल एक. हे मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांना बसवलेल्या यंत्रांवरून असं दिसलं की ते दुपारच्या वर चढणाऱ्या वाऱ्याची मदत घेत नाहीत. रात्री आणि पहाटे, हवा शांत असताना उडतात. वाऱ्यापेक्षा त्यांना स्वतःच्या पंखांचा भरवसा जास्त. तेव्हा तुमच्याकडे त्यांनी निवाऱ्याचा कोपरा धरला याचं मला नवल वाटत नाही. कोणाच्या मानेत रंगीत कडं दिसलं का? असल्यास अक्षरं वाचायचा प्रयत्न करा.

अंबिया
१८ जानेवारी, दुपारी ४:०२

एकाच्या मानेत काहीतरी होतं असं मामाजी म्हणतात. मला दिसलं नाही, तो गवतात होता. वहीत "बहुधा कडं, मामाजींनी पाहिलं, खात्री नाही" असं लिहिलं आहे.

गुरुजी
१८ जानेवारी, सायंकाळी ५:२०

सूनबाई, फोटो नातवानं मोठा करून दाखवला. समुद्राचं पाखरू आपल्या वऱ्हाडात चिखलात बसलेलं, डोळे भरून पाह्यलं. करकोचे कोणाले दिसले तर जरूर लिहा. मी वाट पाहून रायलो.

तुडूम
१८ जानेवारी, सायंकाळी ६:४५

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले त्या कोपऱ्यात रोज जाऊ नका, पाखरू जागा सोडतं. आठवड्यातून एकदा, तेही लांबून.

अंबिया
१८ जानेवारी, सायंकाळी ७:०५

बाबांना सांगा, तसंच करीन. झाडीतूनच पाहायचं, पाण्यापर्यंत उतरायचं नाही.

कवड्या
१८ जानेवारी, रात्री ९:३०

मानेतलं कडं वाचायला तुमचा स्कोप पुरणार नाही. माझा साठपटीचा आहे. पुढच्या रविवारी अमरावतीहून येतो, चालेल का? किती वाजता पोहोचू?

अंबिया
१८ जानेवारी, रात्री ९:३४

पहाटे पावणेसहा, आमच्या घरी. चहा घेऊन निघू. मामाजी म्हणतात कानटोपी आणा.